हाताला रोज थोडं काम द्या

गणेशोत्सवाआधी काही महिने कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत कामाची लगबग सुरू होते. तिथं डोळ्यांची आखणी बघायला जरूर थांबा. कारागीर करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतो, मनगट स्थिर करतो आणि कुंचल्याच्या टोकानं भुवई एका दमात ओढतो. ही सफाई सवयीनं येते, आणि सवय कुणालाही लावता येते.

पहिला सराव असा: लिंबाएवढा शाडू घ्या. समोरची कपबशी, पायातली चप्पल, दिसेल ते दहा मिनिटांत घडवा. रात्री तो गोळा पाण्यात टाका. न भाजलेला शाडू पुन्हा मऊ होतो, त्यामुळे बिघडण्याची भीतीच उरत नाही. नवशिक्याला याहून चांगला गुरू मला माहीत नाही.

दुसरा सराव कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्याकडून घेण्यासारखा. तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. तुम्हीही खिडकीतून दिसणारी एकच जागा सकाळी आणि दिवेलागणीला बघा, काय बदललं ते दोन ओळींत लिहा.

साधनं नाहीत म्हणून अडू नका. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) हा सिनेमा चित्रित केला. चित्रकलाही ते स्वतःच्या मेहनतीनंच शिकले होते.

घरातल्या मुलांनाही सोबत बसवा. त्यांनी केलेलं सुधारायला मात्र जाऊ नका. आज रात्री जेवणं आटोपली की सुरुवात करा.