जुना गॅस गिझर बदलताना

इंद्रलोक, भाईंदर पूर्वेतून एका काकूंनी विचारलंय: बाथरूममधला गॅस गिझर बारा वर्षांचा झाला, कधी पेटतो कधी नाही, तसलाच नवीन घेऊ का?

काकू, लंडनला एकच बॉयलर घरही गरम करतो आणि आंघोळीचं पाणीही. आपल्याकडे घर गरम करायची वेळ येत नाही, आपल्याला फक्त बादलीभर पाणी लागतं. त्यामुळे मी सरळ सांगतो, बाथरूमच्या आत गॅसचा नकोच.

कारण ऐका. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. जुन्या गिझरचा बर्नर काजळीने तुंबतो, ज्योत निळ्याची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. थंडी म्हणून खिडकीच्या काचपट्ट्या बंद, दार बंद, माणूस आत. आधी चक्कर, मग कडी काढायचंही बळ राहत नाही. गॅसचाच हवा असेल तर बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आणि सिलिंडरवरून पाईप गॅसवर आला असाल तर जेट बदलावे लागतात, ते कंपनीच्या माणसाकडूनच.

आता विजेचा. दोघा-तिघांना १५ लिटरचा स्टोरेज गिझर पुरतो. हिशोब बघा: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. २ किलोवॅटची कॉइल हे अठरा-वीस मिनिटांत करते. ३ किलोवॅटची लवकर करते, पण ती १३ अँपिअर ओढते. म्हणजे १६ अँपिअरचा पॉइंट, जाड तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग हवंच. जुन्या बिल्डिंगमध्ये हे आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, गिझर नंतर आणा. आरसीसीबी नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. वर्ष-दीड वर्षाने उघडून बघायला सांगा, संपला असेल तर बदला. बहुतेक लोक हे कधी करत नाहीत, मग टाकी गळली की कंपनीला शिव्या!

तोपर्यंत काकू, जुना गिझर वापरायचाच असेल तर आधी बादली भरा, गिझर बंद करा, मग आत जा.