लांडगा, तरस आणि लोहार

परवा मुलांना घेऊन शारजाच्या 'अरेबियाज वाइल्डलाइफ सेंटर'मध्ये गेलो होतो. १९९९ साली सुरू झालेल्या या प्राणिसंग्रहालयात अरबी लांडगा पाहायला मिळतो. जेमतेम वीस किलोचा, मोठ्या कानांचा. अमिरातीच्या डोंगरांतून तो नाहीसा झाला. शेळ्यामेंढ्यांच्या काळजीपोटी माणसांनीच त्याला संपवले. सोबत ऑफिसमधला इथिओपियाचा सहकारी होता. तो म्हणाला, "आमच्याकडे भीती तरसाची. त्याहून जास्त लोहाराची!"

मी चक्रावलो. घरी येऊन वाचले, तेव्हा उलगडा झाला. उत्तर इथिओपियात 'बुडा' नावाची जुनी समजूत आहे. लोखंड तापवणारा लोहार किंवा मडकी घडवणारी कुंभारीण यांची दृष्ट लागते आणि रात्री ते तरस होऊन हिंडतात, असे लोक मानत. युरोपात लांडगा होणारा माणूस, तसा इथे तरस होणारा. हा आळ विशेषतः 'बेटा इस्राएल' या ज्यू समाजावर येई. जमिनीचा हक्क नाकारला गेल्याने हे लोक लोहारकी, कुंभारकाम, विणकाम यांकडे वळले होते. शेतकऱ्याला फाळ त्यांच्याकडूनच हवा, पण सोयरीक नको, पंगत नको. ज्याच्यावाचून अडते पण ज्याला आपण ओळखत नाही, त्याची भट्टी रात्री गावाबाहेर पेटलेली दिसली, की जंगलाची भीती त्याच्याच अंगाला चिकटते.

मंडळी, हसण्यापूर्वी आपले अंगण पाहू. लहानपणी आमच्या गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडत. विळे, खुरपी आम्ही त्यांच्याकडूनच घ्यायचो, पण दिवेलागणीला आजी दटावायची, "तिकडे जाऊ नका, पोरं पळवतात."

लांडग्याची भीती कधी खरीही असते. १९९६ साली उत्तर प्रदेशात प्रतापगड, जौनपूर, सुलतानपूर भागात लांडग्यांनी अनेक मुलांचा बळी घेतला. तरीही कित्येकजण लांडग्याचे सोंग घेतलेला माणूसच शोधत राहिले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर लांडगा नव्हताच. होती ती मोबाईलवरची अफवा. १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले.

हे सारे मी आज का सांगतो आहे? गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या ग्रुपवर निरोप आला: खाली काम करणाऱ्या मजुरांवर नजर ठेवा, मुलांना जपा. मी, इंजिनिअरिंगमधला डॉक्टरेटवाला, तो दोन मित्रांना पुढे पाठवून मोकळा झालो. खरे-खोटे पाहिले नाही. वास्तविक आपणही इथे परक्या भूमीवर, हातातल्या कसबावर जगणारेच. फरक इतकाच, की आपली भट्टी वातानुकूलित आहे.

बुडाविषयी वाचल्यावर त्या दोघांना फोन केला आणि म्हटले, "त्या निरोपाला काही आधार नव्हता. मी उगीच पाठवला." एक मित्र म्हणाला, "अरे, मी तो पुढे पाठवला."