काळीवरचं टर्फ

ह्यूस्टनच्या आमच्या घरामागे टर्फ घातलं ते मार्च २०१६ मध्ये. ओकच्या सावलीत सेंट ऑगस्टीन जातीची हिरवळ टिकत नव्हती. दोनदा नवी लावली, दोनदा गेली. कंत्राटदाराच्या माणसांनी वरची दोन इंच माती खरवडली, ग्रॅनाइटचा चुरा पसरला, दाबला आणि दोन दिवसांत अंगण हिरवंगार करून दिलं. त्यानंतरच्या आठ वर्षांत ते मी चार वेळा दुरुस्त केलं. पहिल्या तीन वेळा मी फक्त गवत दुरुस्त करत होतो.

कृत्रिम गवताचं आणि या शहराचं नातं जुनं आहे. १९६५ मध्ये इथलं अ‍ॅस्ट्रोडोम उघडलं तेव्हा आत खरं गवत होतं. पारदर्शक छतातून येणाऱ्या उन्हाने खेळाडूंचे डोळे दिपत, उंच उडालेला चेंडू दिसत नसे. म्हणून तावदानं रंगवली, ऊन अडलं आणि गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे मोन्सँटोचं नायलॉनचं गवत आलं आणि त्याला अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव मिळालं. पण त्या गवतावर पाऊस पडत नव्हता, दव साचत नव्हतं. आमच्या उघड्या अंगणात वर्षाला बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि खाली चिकण माती. इथले लोक तिला ‘गंबो’ म्हणतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं. चार दिवस पाऊस हटला नाही. शहराच्या काही भागांत मीटरभर पाणी कोसळलं. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, हे नशीब. अंगणात मात्र चुरा जागोजाग वाहून गेला होता, खळगे पडले होते आणि टर्फच्या पाठीची निचऱ्याची भोकं चिखलाने बुजली होती. मी सगळं धुतलं, खळग्यांत वाळू भरली, उघडलेल्या जोडाला नवी टेप आणि गोंद लावला.

ते काम मी सप्टेंबरात भर दुपारी केलं, आणि तिथेच चुकलो. उन्हात टर्फ इतकं तापतं की अनवाणी पाय टेकवत नाही. तापलं की ते पसरतं. पसरलेल्या अवस्थेत जोडलेल्या पट्ट्या जानेवारीच्या गारठ्यात आखडल्या आणि मधे बोटभर फट पडली. सकाळी लवकर जोडावं तर दवाने पाठ ओली असते, गोंद धरत नाही. शेवटी कळलं की या हवेत जोडकामाला ऑक्टोबर-नोव्हेंबरातला ढगाळ, कोरडा दिवसच हवा. पट्टी उलटी करून पाठीवरच्या टाक्यांच्या दोन ओळींमधून चाकू चालवायचा, दोन्हीकडच्या गवताच्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवायचा आणि दाबताना एकही पातं गोंदात अडकू द्यायचं नाही. एक पातं अडकलं तरी ती रेघ लांबून दिसते.

२०१९ च्या उन्हाळ्यात परभणीहून अण्णा आले. टर्फच्या कडेशी उकिडवे बसले आणि कडेची पट्टी नि माती यांच्यामधल्या भेगेत त्यांनी बोट घातलं. अख्खं बोट आत गेलं.

“अरे, ही तर आपली काळीच की,” ते म्हणाले. “काळीवर मुरूम न भरता कुणी काही बांधतं का?”

अण्णांचं खरं होतं. आपली काळी बेसाल्ट झिजून झाली, इथली नद्यांच्या गाळातून. पण दोन्हींत तीच पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी खनिजं आहेत. मृदाशास्त्रात दोन्ही व्हर्टिसॉल याच गटात येतात. हे ऐकूनही मी त्या वर्षी फक्त कडा पुन्हा खिळ्यांनी बसवल्या, कारण सगळं उखडायचा खर्च नको होता.

मधल्या काळात खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हाने हातभर जागेतली पाती वितळली. उरलेल्या गुंडाळीतला तुकडा कापून तिथे बसवला. रंगातला फरक वर्षभर दिसत राहिला.

ऑगस्ट २०२३ मध्ये पारा १०९ फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ ४३ सेल्सिअसवर गेला. जमीन इतकी आक्रसली की शहरभर जमिनीखालच्या पाण्याच्या वाहिन्या फुटत होत्या. लोक घराच्या पायाभोवती झिरपनळ्या टाकून मातीला पाणी पाजत होते. आमच्या अंगणात दोन जोड एकदम उघडले आणि मधला भाग खचला. त्या नोव्हेंबरात मी सगळं उखडलं. सहा इंच माती काढली, तळाला जिओटेक्स्टाइल कापड घातलं म्हणजे चिकण माती खडीत वर चढत नाही. त्यावर खडी दोन थरांत दाबली, वर बारीक चुरा. कुंपणाच्या दिशेने उतार दिला, कडेला भोकांचा पाइप पुरला. जुनं टर्फ धुऊन तेच परत घातलं, कारण गवतात दोष नव्हताच. कडेने एक झिरपनळीही टाकली आहे आणि कोरड्या महिन्यांत ती चालू ठेवतो. पाणी अजिबात लागणार नाही असं टर्फ विकणारे सांगतात. या मातीवर ते खरं नाही.

८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं. दुपारी बाहेर जाऊन पाहिलं तर अंगणात पाणी साचलेलं नव्हतं. जोड जागेवर होते.

मराठवाड्यात, विदर्भात सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर आता टर्फ येतं आहे. खाली काळी असेल तर गवताचा दर विचारण्याआधी एवढं करा: माती किती इंच काढणार, खडी किती भरणार आणि पाणी कुठे सोडणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि उरलेली गुंडाळी फेकू नका.