सोळाव्या वर्षाची लस

बालरोगतज्ज्ञाकडे मूल बहुधा शेवटचे येते ते सोळाव्या वर्षी, टीडीची लस घ्यायला. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला. त्याच्या जन्मापासून मी त्याला पाहत होतो. "आई नाही आली?" असे विचारताच त्याने किल्ली दाखवली. "स्कूटीवर आलो, डॉक्टरकाका!" "अरे वा, मोठा झालास!" म्हणून मी त्याची पाठ थोपटली.

पाच महिन्यांनी भंवरकुआंच्या कोचिंगहून तिघे एकाच स्कूटरवरून परतताना ती दुभाजकावर आदळली. सोबतचे दोघे खरचटण्यावर निभावले. याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो वाचला, पण उजवा हात अजून दुबळा आहे आणि वाचा मंदावली आहे. आईने मला कधी बोल लावला नाही. ते 'अरे वा' मात्र माझ्या मनातून जात नाही.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा. रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वरच्या. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. दवाखान्यात हे सांगितले की पालक हसून म्हणतात, "सगळीच मुलं चालवतात, डॉक्टर!"

म्हणून शाळांकडे वळलो. एका प्राचार्यांचा आक्षेप होता, की हे शिकवणे म्हणजे उत्तेजन देणे. आमच्या शाळेत कोणी गाडी आणतच नाही. मी त्यांना मागच्या गल्लीत नेले. तेथे एका घराच्या अंगणात नववी-दहावीच्या मुलांच्या अकरा स्कूटर ओळीने उभ्या होत्या. त्यांनी पुढच्याच शनिवारचे दोन तास दिले.

व्याख्यानाने मुले जांभया देतात, हे पहिल्याच वेळी कळले. आता आम्ही मैदानावर चुन्याची रेघ मारतो. "ताशी चाळीसच्या वेगात कुत्रे आडवे आले, तर ब्रेकला हात जाईपर्यंत गाडी किती पुढे जाईल?" मुले चार-पाच पावले सांगतात. दीड सेकंद धरला तर सोळा-सतरा मीटर होतात, आणि ब्रेक लागणार त्यानंतर! तेवढे अंतर मुलांनाच मोजायला लावतो. चाळीसच्या वेगाने डोके आपटणे म्हणजे सुमारे सहा मीटरांवरून पडणे, हे भौतिकशास्त्राचे गणित त्यांना फळ्यावर स्वतः सोडवू देतो. हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, हा आकडा त्यानंतर त्यांना पटतो.

सोबत मित्र असले की या वयात धाडस वाढते. धोका तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो. म्हणून "मला उतरव, मी चालत जातो" हे वाक्य आम्ही मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतो. ती आधी लाजतात, मग हसतात, पण म्हणतात.

गेल्या वर्षी तो मुलगा स्वतः आला. बोलला एवढेच, एकेक शब्द जुळवत : "हेल्मेट... डिकीत होतं."

एका मुलीने नंतर मला विचारले, "काका, बाबाच घालत नाहीत. त्यांना काय सांगू?" उत्तर सुचले नाही. त्या संध्याकाळी आपल्या मंडळाच्या सभेबाहेर सतरा दुचाकी उभ्या होत्या. हेल्मेटे मोजली, चार भरली.