पेणकर, रोहेकर आणि सिनेगॉग?

पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर! ऐकल्याबरोबर कळलं ना, ही मंडळी रायगडकडची? अगदी बरोबर. पण आता ओळख पाहू, यांच्यातली काही घरं प्रार्थनेला कुठे जातात?

सिनेगॉगमध्ये! म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनाघरात!

काय, डोळे मोठे झाले ना? हे आहेत बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. घरात चक्क मराठी बोलणारे!

ते सांगतात, फार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. जे वाचले ते तिथेच राहिले. पुढे गावोगाव पांगले. पुष्कळांनी तेलाचा घाणा धरला.

आणि गंमत ऐक! दर शनिवारी घाणा बंद! शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. बैलांचीही चैनच की! मग काय, गावाने त्यांना नावच ठेवलं, 'शनवार तेली'!

पण आडनाव कुठून आलं?

समज, तुझ्या वर्गात दोन डेव्हिड आहेत. दोघांच्याही बाबांचं नाव अब्राहम. बाईंनी हजेरी घेतली, "डेव्हिड अब्राहम!" दोघंही ओरडले, "हजर!" आता? अरे, एकाचं गाव पेण, दुसऱ्याचं रोहा. मग एक पेणकर, दुसरा रोहेकर. सुटला गुंता!

बेने इस्राएल पूर्वी नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव लावत. मग गावाच्या नावाला 'कर' जोडला, शेजारपाजारचे जोडत होते तसाच. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर. अशी शंभराहून जास्त गावं त्यांच्या आडनावांत बसली आहेत! म्हणून नुसत्या 'पेणकर'वरून धर्म कळायचा नाही. कळेल ते फक्त गाव!

आणि पहिली नावं? ती तर मला फारच आवडतात! मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. लोक त्यांना काय म्हणायचे, सांगू? सामाजी हसाजी दिवेकर! सॅम्युएलचे झाले सामाजी, इझिकेलचे हसाजी. तानाजी, येसाजी, सामाजी... म्हणून बघ, कुठे अडखळतंय का?

बरं, वर्गातला तो डेव्हिड अब्राहम मी उगीच नाही निवडला! १९५४च्या 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉन चाचा कोण, ते आजी-आजोबांना विचार. ते काम करणारे नट होते डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं रेवदंड्याजवळचं चौल!

१९४८ साली ज्यूंचा इस्राएल देश झाला. नंतर बेने इस्राएलांमधली बरीच कुटुंबं तिकडे राहायला गेली. आडनावंही बरोबर गेली. तिथे ती हिब्रू लिपीत लिहितात. आणि हिब्रू लिहितात उजवीकडून डावीकडे!

मग सांग, पेणकरांच्या दारावरच्या पाटीवर 'कर' कुठे येत असेल? पार डाव्या टोकाला!