प्रकाशक्षेत्र-चित्रणाची वाटचाल : १९९६ ते २०२३

अवकाशातील प्रत्येक बिंदूतून प्रत्येक दिशेने जाणाऱ्या प्रकाशकिरणाच्या रंगाची व तीव्रतेची नोंद म्हणजे प्रकाशक्षेत्र, अर्थात लाइट फील्ड. गाब्रिएल लिपमान यांनी १९०८ मध्येच सूक्ष्म भिंगांच्या जाळीच्या साहाय्याने असे किरण टिपण्याची पद्धत मांडली होती. परंतु संगणकीय चित्रणात ही कल्पना रुजली ती १९९६ च्या सिग्राफ परिषदेपासून. स्टॅनफर्डचे मार्क लेव्हॉय व पॅट हॅनरहान यांनी तेथे दाखवून दिले की, मोकळ्या जागेत किरणाचा रंग वाटेत बदलत नसल्यामुळे तो दोन प्रतलांना कोठे छेदतो हे सांगणारे चार आकडे त्याच्या नोंदीला पुरेसे ठरतात, आणि मग नव्या कोनातून दिसणारे दृश्य गणिताने घडवावे लागत नाही, तर साठवलेल्या किरणांतून निवडून काढता येते. दृश्य कितीही गुंतागुंतीचे असले तरी निवडीचे श्रम तेवढेच राहतात, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य होय. तिची किंमत मात्र स्मृतीत मोजावी लागते, आणि म्हणूनच त्यांनी हा साठा शंभरपटीहून अधिक आकुंचित करण्याची पद्धतही त्याच निबंधात दिली.

त्याच परिषदेत गोर्टलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला ‘ल्युमिग्राफ’ वस्तूच्या ढोबळ आकाराचा, म्हणजे भूमितीचा, आधार घेत होता, ज्यामुळे कमी छायाचित्रांतूनही स्पष्ट दृश्य मिळे. पुढील बहुतेक प्रगती याच दुसऱ्या वाटेने झाली.

आभासी वास्तवाच्या हेडसेटने नव्या कोनातील दृश्य झटपट मिळवण्याचा प्रश्न तातडीचा केला. २०१६ च्या ऑक्युलस रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १०८० × १२०० चित्रबिंदू सेकंदाला ९० वेळा नव्याने रंगवावे लागत, म्हणजे दोन्ही डोळ्यांची चित्रे तयार करण्यास जेमतेम ११ मिलिसेकंद मिळत. शिवाय डोके बाजूला सरकताच जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंपेक्षा अधिक सरकल्या पाहिजेत आणि चकाकीही बदलली पाहिजे, जे साध्या ३६० अंशांच्या व्हिडिओला साधत नाही. गूगलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये फिरत्या कमानीवर १६ कॅमेरे बसवून डिस्कव्हरी अंतराळयानाच्या चालककक्षासारख्या जागा टिपल्या, प्रत्येक छायाचित्रासोबत त्याची स्वतःची ढोबळ भूमिती जोडली आणि व्हीपी९ या व्हिडिओ-आकुंचन पद्धतीत असा फेरफार केला की, संपूर्ण साठा न उलगडता हवा तो तुकडाच उलगडता यावा. व्यवहारातील कार्यक्षमतेचा तो सर्वांत विचारपूर्वक नमुना मानावा लागेल. पण ती स्थिर दृश्ये होती. हालत्या दृश्यांसाठी त्याच कंपनीत २०२० मध्ये ९२ सेंटिमीटर व्यासाच्या घुमटावर ४६ कॅमेरे बसवून टिपलेले चित्रण एकात एक असलेल्या अर्धपारदर्शक गोलाकार थरांत रूपांतरित करण्यात आले.

त्याच वर्षी आलेल्या ‘नर्फ’ या पद्धतीने किरणांचा साठा चेतासंस्थासदृश जाळ्यात, म्हणजे न्यूरल नेटवर्कमध्ये, सामावला; तथापि एकेका चित्रबिंदूसाठी त्या जाळ्याला अनेकदा विचारणा करावी लागत असल्यामुळे मूळ स्वरूपात ते हेडसेटच्या वेगाला पुरे पडत नव्हते. २०२३ च्या गाउसियन स्प्लॅटिंग या पद्धतीने ती विचारणाच टाळली : दृश्य लाखो धूसर लंबगोलांनी मांडले जाते, प्रत्येकाचा रंग पाहण्याच्या दिशेनुसार बदलतो, आणि ग्राफिक्स प्रोसेसर ते थेट पडद्यावर उतरवतो. प्रकाशक्षेत्राचे सार असलेली दिशा अशा रीतीने भूमितीच्याच अंगावर लिहिली गेली.

पडद्याची बाजू मात्र मागे राहिली आहे. बाजारातील बहुतेक हेडसेट प्रत्येक डोळ्याला एकच सपाट चित्र ठरावीक अंतरावर दाखवतात, त्यामुळे दोन्ही डोळे जवळच्या वस्तूकडे वळले तरी त्यांच्या भिंगांना दूरवरच केंद्रित राहावे लागते आणि दृष्टी थकते. एनव्हिडियाच्या डग्लस लॅनमन व डेव्हिड ल्यूबके यांनी २०१३ मध्ये सूक्ष्म भिंगांच्या जाळीने डोळ्यापुढे खरे प्रकाशक्षेत्र उभे करून हा विसंवाद कमी करता येतो हे दाखवले; पण पडद्यावरील चित्रबिंदू अनेक दिशांत वाटले गेल्याने चित्राची सूक्ष्मता बरीच घटली.