गाडी सुरू करण्याआधी बैठक सुधारा

आपल्या भागात मोटार, जीप किंवा टेंपो ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. भाजी बाजारात न्यायची, दुधाचे कॅन डेअरीवर पोहोचवायचे, आजाऱ्याला बेळगावच्या दवाखान्यात न्यायचे, चोर्ला घाट उतरून गोव्यात जायचे, ही सारी कामे चाकांवर होतात. गाडी घेताना आपण ती लिटरला किती धावते ते विचारतो, टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. चालवणारा तिच्यात बसतो कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. एकाच घरातली गाडी सकाळी वडील चालवतात, दुपारी मुलगा, संध्याकाळी सून. तिघांची उंची वेगळी, पण सीट आधीच्या माणसाने ठेवली तिथेच राहते. मग कंबर भरून येते, मान आखडते, आणि ऐन पेरणीत माणूस अंथरूण धरतो. या दुखण्याचा बराच भाग दोन मिनिटांच्या खटपटीने टाळता येतो, म्हणून हा विषय आम्ही आज घेत आहोत.

प्रथम पाठीचे थोडे समजून घेऊ. मणक्यांच्या मधोमध मऊ चकत्या असतात. त्या धक्के झेलतात. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. शरीराची हालचाल होते तेव्हा द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच चकतीचे पोषण होते. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत बारीक सुई घालून आतला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा टेकू न घेता बसण्यात दाब अधिक आढळला, आणि पुढे वाकून बसल्यास तो आणखी वाढला. उभे राहणे आणि बसणे यांत फार अंतर नसावे, असे पुढील काळातील मोजमापांत दिसले. तरी पोक काढून बसणे चकतीला जड जाते आणि पाठीला टेकू मिळाला की तिचा भार हलका होतो, ही गोष्ट कायम राहिली.

गाडीत आणखी एक गोष्ट भर घालते, ती म्हणजे हादरे. सेकंदाला सुमारे चार ते आठ वेळा बसणारे वर-खाली हादरे बसलेल्या शरीराला सर्वांत जास्त जाणवतात. खड्ड्यांच्या वाटेवर असे हादरे भरपूर मिळतात. घरच्या खुर्चीत दोन तास बसणे आणि गाडीत दोन तास बसणे एकसारखे नाही, ते यामुळेच.

आता उपाय पाहू. किल्ली फिरवण्याआधी पुढील क्रमानेच जावे, कारण एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते.

पहिली गोष्ट, मागच्या खिशातले पैशाचे पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवा. पाकिटावर बसल्याने कंबर एका बाजूला कलते आणि कुल्ल्यातील शिरेवर दाब येऊ शकतो. मग ढुंगण सीटच्या अगदी मागे टेकवून बसा.

दुसरी, सीट पुढे-मागे करा. क्लच पूर्ण तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ब्रेकचेही तसेच. पाय ताणून ब्रेक दाबावा लागत असेल, तर अचानक गुरू आडवे आल्यावर पुरेसा जोर लागणार नाही. शिवाय पाय ताठ असताना टक्कर झाली, तर तिचा धक्का सरळ खुब्यापर्यंत जातो.

तिसरी, उंची. खुबे गुडघ्यांच्या पातळीत किंवा थोडे वर असावेत, समोरचा रस्ता मान न उंचावता दिसावा, आणि डोके व छत यांत मूठभर अंतर राहावे. सीट वर-खाली होत नसेल, तर ठेंगण्या माणसाने घट्ट, न सरकणारी गादी घ्यावी. मऊ उशी घेऊ नये, ती ब्रेक दाबताना सरकते. गादी घेतल्यावर पाय पेडलपर्यंत नीट पोहोचतात ना, ते पुन्हा पाहावे.

चौथी, पाठ. सीटची पाठ काटकोनापेक्षा थोडीशीच मागे असावी. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले, तर अंतर बरोबर आहे. कमरेच्या खळगीत पोकळी राहत असेल, तर टॉवेलची वळकटी करून कमरपट्ट्याच्या उंचीवर ठेवा. हा बिनपैशाचा टेकू चांगला उपयोगी पडतो. आरामखुर्चीसारखे रेलून बसणे मात्र धोक्याचे आहे, कारण मग टकरीच्या वेळी शरीर सीट बेल्टखालून पुढे घसरते.

पाचवी, छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त अंतर ठेवा. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे. ती पापणी लवण्याआधी फुगते. चालक चाकाला चिकटून बसलेला असेल, तर तिचाच मार बसतो. हात घड्याळातील नऊ आणि तीन यांच्या जागी ठेवावेत.

सहावी, डोक्यामागची उशी. पुष्कळ लोक ती मानेपर्यंत खाली ठेवतात. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याजवळ यावा आणि ती डोक्याच्या अगदी जवळ असावी. मागून धडक बसल्यावर मान उलटी झटकू नये, म्हणून ती असते.

सर्वांत शेवटी सीट बेल्ट आणि आरसे. आजचा तीन टोकांचा बेल्ट व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. त्याचा खालचा पट्टा पोटावर न येता खुब्याच्या हाडांवर बसावा आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधून छातीवर यावा. गरोदर स्त्रीने खालचा पट्टा पोटाखालून घ्यावा. आरसे ताठ बसूनच लावावेत. तासाभराने आरशात मागचा रस्ता पुरता दिसेनासा झाला, तर समजावे की आपण खचून बसलो आहोत. तेव्हा आरसा हलवू नये, पाठ सरळ करावी.

पायांकडेही लक्ष हवे. सैल चप्पल ब्रेकखाली अडकते आणि पायापाशी टाकलेली पाण्याची बाटली पेडलखाली घरंगळते. डावा पाय सतत क्लचवर ठेवल्यास गुडघा दमतो आणि क्लचही झिजतो.

ट्रॅक्टरवाल्यांना दोन शब्द. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना सहसा मोटारीसारखे पाटे नसतात. टायर आणि सीटची स्प्रिंग, एवढाच आधार. सीटला वजनाप्रमाणे फिरवायचा दांडा असेल, तर चालवणारा बदलताच तो फिरवावा. नांगराकडे पाहताना नुसती कंबर पिळू नये, खांद्यांसह वळावे.

बैठक कितीही चांगली असली, तरी एकाच स्थितीत फार वेळ राहणे वाईटच. दर दोन तासांनी गाडी बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटे चालावे, म्हणजे पोटऱ्यांतले रक्त वाहते राहते. लांबच्या प्रवासानंतर किंवा ट्रॅक्टरवरून उतरल्यावर लगेच पोते उचलू नये. हादऱ्यांनी दमलेली पाठ अशा वेळी सहज दुखावते. आधी थोडे चालावे, मग ओझ्याला हात घालावा.

एवढे करूनही कळ कमरेतून गुडघ्याखाली जात असेल, किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. पायातली ताकद कमी झाली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही न दवडता इस्पितळ गाठावे. अशा वेळी नुसत्या तेल-मालिशवर विसंबू नये.

बैलाच्या खांद्याला जू टोचू नये म्हणून आपले वडीलधारे ते पुन्हा पुन्हा तपासत. तेवढीच काळजी आपण आपल्या पाठीची घेऊ या. उद्या सकाळी गाडीत बसाल, तेव्हा किल्लीआधी सीटच्या दांड्याला हात घाला, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ही सवय लावा.